जागेवरची सायकल

"कोणासाठी बघताय?" विक्रेत्याने विचारलं, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं. मी नवऱ्याकडे, नवऱ्याने माझ्याकडे. विक्रेत्याला वाटलं आम्ही ठरवून गंमत करतोय. तो मनापासून हसला, "म्हणजे दोघांसाठी," म्हणाला आणि पाणी आणायला आत गेला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, एका गुडघ्याला पट्टा बांधलेला हा गृहस्थ दिवसभर लोकांना व्यायामाची यंत्रं विकतो, याचं मला एरवी हसू आलं असतं. पण माझा हात अजून वरच होता. नवऱ्याचाही. दुकानाच्या भिंतींना आरसे लावलेले होते, त्यामुळे ते दोन हात कितीतरी ठिकाणी दिसत होते आणि प्रत्येक आरशात आम्ही एकमेकांवर आळ घेतल्यासारखे उभे होतो. मी हात खाली घेतला. त्याने घेतला नाही. तो जन्मभर वजनकाटे तपासणारा निरीक्षक होता. खोट्या वजनाकडे बोट दाखवलं की दुकानदार कबूल होईपर्यंत ते खाली घ्यायचं नाही ही नोकरीतली सवय, निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. "माझ्यासाठी?" मी विचारलं. "मग काय माझ्यासाठी?" तो म्हणाला. आणि मला एकदम वाटलं, की गेले कित्येक आठवडे मी या माणसाशी बोलत होते, आणि हा दुसऱ्याच कुठल्यातरी बाईशी.

आता आठवायला बसलं तर हे नेमकं कुठून सुरू झालं तेच सापडत नाही. सायकलीचं नाव त्यानेच पहिल्यांदा काढलं होतं, एवढं नक्की. जेवताना, ताटातून डोकं वर न करता तो म्हणाला होता, "घरात एक सायकल आणू या का? ती जागेवरची." मी पाणी पीत होते. पाणी पिता पिता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मला वाटलं, सुटलो. शेवटी याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. गेल्या वर्षी भावोजी गेले, म्हणजे याचा धाकटा भाऊ, बुटाची नाडी बांधायला खाली वाकले ते वाकलेलेच राहिले. ना कसलं दुखणं, ना तक्रार. त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली आणि तिसऱ्यांदा चिडून बाहेर आली, आणि त्या चिडण्यापायी ती अजून रडत असते. त्या दिवसापासून मी नवऱ्याकडे बघायला लागले. बघायला म्हणजे, माझ्या धंद्यात बघतात तसं. तो आंघोळीला गेला की आपण दाराशी उभं राहून पाण्याचा आवाज ऐकायचा. खुर्चीत डोळे मिटले की छाती हलते का बघायचं. वाकला की मोजे शोधायच्या निमित्ताने आपणही त्याच खोलीत जायचं. विचारायचं मात्र काही नाही, कारण पुरुषाला दम लागतो का विचारलं की तो दम रोखून दाखवतो. आणि मग त्याने संध्याकाळी फिरायला जाणं बंद केलं. अचानक. मी कामावरून येते ती त्याची फिरायला जायची वेळ. तर तो घरातच, दाराजवळच्या खुर्चीत, चेहरा जरा उतरलेला. मी म्हणाले, "आज नाही गेलास?" तर म्हणाला, "कंटाळा आला." ज्या माणसाला आयुष्यात कधी कंटाळा आला नाही, काट्याच्या तबकडीवरचा गंजसुद्धा जो चवीने बघायचा, त्याला फिरण्याचा कंटाळा आला. मी ओळखलं, दम लागत असणार. म्हणून सायकल म्हणताच मला सुटल्यासारखं झालं, आणि मी घाईघाईने म्हणाले, "हो हो, आणू या, चांगलीच आणू या." तो माझ्याकडे बघून हसला होता. मला तेव्हा ते हसणं ओशाळवाणं वाटलं. आता वाटतं, त्याचाही जीव भांड्यात पडला असेल, की चला, ही एकदाची तयार झाली.

त्यानंतर आमच्या घरात दुसरा विषयच उरला नाही. बाजारातल्या सगळ्या महागड्या सायकली चाळून झाल्यावर दोन उरल्या. एकीला समोर भलामोठा पडदा, त्यावर एक घामाघूम प्रशिक्षिका येऊन तुम्हाला नावाने हाक मारणार, चढ आला की सायकल आपली आपणच जड होणार, आणि जगात कुठेकुठे त्याच वेळी सायकल मारणाऱ्या लोकांत तुमचा नंबर कितवा तेही कडेला दिसणार. ही यायला महिना तरी लागणार. दुसरीला काहीच नाही. एक जड चाक, ते चुंबकाने अडवायची एक कळ, सीट, हँडल आणि हँडलच्या मधोमध एवढासा आकडा. ती गोदामात तयार. लेक परगावाहून फोनवर रोज वकिली करायची, "आई, पडदावालीच घ्या. नाहीतर महिन्याभरात तिच्यावर टॉवेल वाळत घालाल." नवऱ्याला पडदा नको होता, त्याच्या मते ज्या यंत्राला बोलावं लागतं त्याच्या मापात खोट असते. मला पडदा हवा होता, म्हणजे त्याचं मन रमावं म्हणून. त्याला नको होता, म्हणजे मला त्या बाईच्या ओरडण्याचा त्रास होऊ नये म्हणून. हे मला त्या दुकानात, हात खाली घेतल्यावर, एकेक करून कळायला लागलं. तो म्हणाला होता, "हँडल जवळ ओढता आलं पाहिजे," तेव्हा मी त्याच्या पाठीचा विचार केला. तो माझ्या आखूड हातांचा करत होता. तो म्हणाला, "सीट रुंद हवी," तेव्हा मी मनात म्हटलं, आता वाळलाय केवढा आणि म्हणे रुंद. मी म्हणाले, "खिडकीपाशी ठेवू, म्हणजे वारा लागेल," तर तो म्हणाला, "पण तिथे ऊन येतं, डोळ्यांना त्रास होईल," आणि मला नवल वाटलं होतं, की याला कधीपासून उन्हाचा त्रास. उन्हाचा त्रास मला होतो. दिवसभर अंधाऱ्या खोलीत काम करणारी मी. सगळी संभाषणं उलटी घालून पुन्हा वाचायला लागत होती, अंगरखा उलटा घातलाय हे लोकांत लक्षात यावं तसं. आणि उलटी वाचली तरी ती नीट लागत होती. हेच मला समजेना. दोन्ही बाजूंनी अर्थ लागत असेल तर खरी बाजू कुठली?

माझं काम डोळे तपासण्याचं. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत, समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता, माणसाच्या नाकावर ती जड चौकट, आणि मी एकेक भिंग घालत काढत विचारते, "हे बरं की हे बरं? पहिलं की दुसरं?" घरीसुद्धा हे वाक्य माझ्या तोंडातून निसटतं, लेक लहान असताना फ्रॉक निवडताना म्हणायची, "आई, मला पेशंट करू नकोस." लोक या प्रश्नाला फार घाबरतात. शिकलेसवरलेले, मोठमोठ्या हुद्द्यांवरचे लोक हाताची बोटं मोडत म्हणतात, "परत दाखवा." त्यांना वाटतं, चुकीचं उत्तर दिलं तर जन्मभर चुकीचं दिसेल. आणि भिंगांतला फरक बारीक बारीक होत जातो तशी एक वेळ अशी येते की ते अगदी रडकुंडीला येऊन सांगतात, "दोन्ही सारखंच दिसतंय हो." त्यांना वाटतं आपण नापास झालो. त्यांना माहीत नसतं, की मी त्याच उत्तराची वाट बघत असते. दोन्ही सारखं दिसायला लागलं की थांबायचं, नंबर मिळाला. पुढे खोदत बसलं तर माणूस थकतो आणि काहीही सांगायला लागतो. मी ती भिंगं काढून ठेवते आणि म्हणते, "झालं. छान सांगितलंत." माझ्या या विद्येचा मला एकटीलाच कधी उपयोग झालेला नाही. त्या खोलीत एकदा एक बसचालक आला होता. परवान्यासाठी दाखला हवा होता. एक डोळा झाकून त्याने तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. फक्त मधल्या वेळेत मी तक्ता बदलला होता. तो बाकावर बसून ऐकलेला, आधीच्या माणसाचा तक्ता वाचत होता. मी त्याला हलकेच सांगितलं तेव्हा तो चिडला नाही, ओशाळलाही नाही. पार गोंधळून गेला. "पण मला दिसत होतं," तो पुन्हा पुन्हा म्हणाला, "शपथेवर सांगतो, मला तीच अक्षरं दिसत होती." दुकानातल्या मुली नंतर खूप हसल्या. मला हसू आलं नाही, कारण मला वाटलं, तो खोटं बोलत नव्हता.

"मला कशाला सायकल?" मी नवऱ्याला म्हणाले. आम्ही दोन सायकलींच्या मध्ये उभे होतो, ती पडद्यावाली माझ्या बाजूला, मुकी त्याच्या बाजूला. "मला काय धाड भरलीय? सबंध दिवस उभी असते मी."

त्याने शेवटी बोट खाली घेतलं आणि मुक्या सायकलीच्या सीटवरची धूळ, जी नव्हतीच, ती झटकली. "तू जिन्यात थांबतेस," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"कोण कशाला म्हणायला हवं? मी ऐकतो ना."

"कुठून ऐकतोस?"

"दारामागून," तो म्हणाला. आणि मग, चोरी पकडल्यासारखा, भराभर बोलत सुटला. की आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तीन मजले, आणि भाऊ गेल्यापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही. की एकदा सहज दार उघडायला गेला तर माझी पावलं वर येता येता दुसऱ्या मजल्यानंतरच्या वळणावर थांबलेली ऐकू आली. बराच वेळ. मग पुन्हा चालू झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. "म्हणून फिरायला जाणं सोडलं," तो म्हणाला. "म्हटलं, तू येशील तेव्हा आपण दाराशी असावं. एक दिवस नाहीच चालू झाली पावलं, तर... तर निदान धावता येईल."

विक्रेता दोन पेले घेऊन आला, आमची तोंडं बघून ते त्याने पडद्यावालीच्या बाटली ठेवायच्या खाचेत ठेवले आणि लांब जाऊन उगाचच एक डंबेल पुसायला लागला. माझ्या डोक्यात जिन्याचं ते वळण आलं. तिथे एक कधी न उघडणारी खिडकी आहे, तिच्या कट्ट्यावर कोणाची तरी विसरलेली रिकामी कुंडी. मी तिथे थांबते हे खरंच होतं. रोज थांबते. पण का थांबते, हे मी याला कसं सांगू? मी तिथे थांबते ती याला ऐकायला. तिथून आमच्या घरातला टीव्ही ऐकू येतो. भावोजी गेल्यापासून मला किल्ली लावून दार उघडायची भीती वाटते. दार उघडलं आणि आत तो बुटाची नाडी बांधायला वाकलेला असला तर? म्हणून वर जाण्याआधी वळणावर उभं राहून कान द्यायचा, की टीव्हीवर बातम्या चालू आहेत, म्हणजे माणूस जागा आहे, म्हणजे माणूस आहे. आणि कित्येकदा असं व्हायचं, की मी थांबले रे थांबले की टीव्हीचा आवाज बंद. एकदम. मी कठड्याला धरून आणखी कान टवकारायची. आत शांत. खुर्ची नाही, पाऊल नाही, काही नाही. मग केव्हातरी तो खोकायचा आणि मी वर जायची.

"टीव्ही बंद का करतोस?" मी विचारलं.

"मग ऐकू कसं येणार, तू थांबलीस की काय ते?"

मला हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग सगळीकडून. "अरे, मी टीव्ही ऐकायला थांबते!" मी म्हणाले. "तू बंद करतोस म्हणून थांबून राहते! तू जिवंत आहेस का बघायला!" त्याला समजायला वेळ लागला. त्याच्या चेहऱ्यावर ते उतरताना मला दिसलं, काटा इकडून तिकडे झुलत झुलत मधे यावा तसं. मी थांबायची म्हणून तो टीव्ही बंद करायचा. तो टीव्ही बंद करायचा म्हणून मी थांबून राहायची. मी हलत नाही म्हणून तो श्वास रोखून बसायचा, आणि त्याचा आवाज येत नाही म्हणून मी कठडा सोडायची नाही. वर्षभर. एका दाराच्या दोन्ही बाजूंना, रोज. "आणि खोकायचास कशाला?" "सहनच व्हायचं नाही म्हणून," तो म्हणाला आणि त्यालाही हसू फुटलं. तो हसला की वाकतो, गुडघ्यावर हात ठेवून. तो वाकला आणि मी त्या वाकण्याकडे वर्षभरात पहिल्यांदा न घाबरता बघितलं. आम्ही दोघं भरल्या दुकानात डोळे पुसत हसलो. किती बरं वाटलं. कोणालाच काही झालेलं नव्हतं. दोन धडधाकट माणसं एकमेकांच्या काळजीने आजारी दिसत होती, एवढंच. मला वाटलं, आता घरी जावं, चहा प्यावा, लेकीला फोन करून तिलाही हसवावं, आणि सायकलीचा विषय कायमचा मिटवावा.

विक्रेत्याला गिऱ्हाईक हातचं चाललेलं कळलं असावं. तो लंगडत पुढे आला. "अहो, आलाच आहात तर बसून तरी बघा," तो म्हणाला. "नाही घेतलीत तर नाही. मी रोज शंभर लोकांना हेच सांगतो, बसल्याशिवाय कळत नाही." "तुम्ही बसता का?" नवऱ्याने विचारलं. "माझा गुडघा बघताय ना," तो म्हणाला, "हे सायकलीनेच झालंय. खऱ्या सायकलीने. म्हणून तर म्हणतो, ही घ्या." यावर आम्ही पुन्हा हसलो. त्या दिवशी आम्हाला कशाचंही हसू येत होतं. नवरा आधी मुकीवर चढला. त्याआधी विक्रेत्याने सीट त्याच्या कमरेच्या हाडाइतकी वर करून दिली. हँडलवर दोन ठिकाणी चकचकीत पत्र्याच्या पट्ट्या होत्या. त्या धरल्या की मधल्या आकड्यात नाडी दिसते आणि ती चढली की आकड्याचा रंग बदलतो, म्हणाला. झालं, निरीक्षक जागा झाला. त्याने आधी पट्ट्या न धरता आकडा शून्यावर येतो का बघितलं. मग एक हात पट्टीवर ठेवला, दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्या गळ्याशी लावली आणि ओठ हलवत मोजायला लागला. विक्रेता वैतागून आढ्याकडे बघत होता. मी ओशाळत होते आणि मला त्याचा अभिमानही वाटत होता. हा माणूस लग्नाच्या दिवशीही हाराचं वजन अंदाजाने सांगत होता. "बरोबर दाखवतंय," शेवटी तो म्हणाला, मनाविरुद्ध सोडून दिल्यासारखा. मग त्याने थोडा वेळ पायडल मारलं. आकडा हिरवा होता तो हिरवाच राहिला. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

मग मी. पायडलवर पाय नीट बसेना म्हणून विक्रेत्याने पट्टा ओढून दिला. चाक फिरायला लागलं तरी आवाज आला नाही, फक्त तळपायाला एक गुळगुळीत ओढ जाणवली. मजा वाटत होती. समोर रस्ता नाही, नुसता आरसा, आणि आरशात चष्मा घसरलेली एक बाई कुठेही न जाता घाईने निघालेली. पट्ट्या गार होत्या. मी नवऱ्याला काहीतरी सांगत होते, पडद्यावालीवर बसले असते तर प्रशिक्षिका आता माझ्या नावाने ओरडली असती असं काहीतरी, आणि वाक्य मध्येच तुटलं. विसरले म्हणून नाही. पुढचा शब्द होता, पण तो उचलायला आत काही नव्हतं. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच. आकड्याकडे बघितलं तर तो पिवळा झाला होता, आणि बघता बघता नारिंगी. मी पाय थांबवले. विक्रेता म्हणाला, "पहिल्यांदा होतं, मॅडम. हाताला घाम असेल." "घामच," मी म्हणाले. दुकानात गार हवा होती आणि माझे हात कोरडे होते. मी नवऱ्याकडे बघितलं. आता तो म्हणणार, थांब, शून्य बघू. त्याने पुढे यावं, गळ्याशी बोटं लावून मोजावं, विक्रेत्याला दम द्यावा, असं मला वाटत होतं. तो जागचा हलला नाही. "असेल," तो म्हणाला, "यंत्रच आहे. चुकत असेल." मी त्याला इतकी वर्षं ओळखते. तपासल्याशिवाय त्याने आजवर एकाही काट्याला खोटा म्हटलेलं नाही, आणि हा तर त्याने नुकताच पारखून खरा ठरवलेला होता. मला भीती वाटली ती आकड्याची नाही. त्याने माझ्यासाठी काट्याला खोटं पाडलं, त्याची.

"मग? काय ठरलं?" विक्रेत्याने विचारलं. "पहिली की दुसरी?" माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मी पहिलीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. पडद्यावर आमच्यासाठी कोणीतरी बाई डोंगरातून सायकल हाकत होती. मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. "उद्या कळवतो," नवरा म्हणाला.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो आणि खूप बोललो. टीव्ही बंद करण्याची गोष्ट त्याने पुन्हा रंगवून सांगितली, मी पुन्हा हसले. हसता हसता मनात दुसरंच चाललं होतं. वळणावर मी टीव्ही ऐकायला थांबते. थांबते ना? भावोजी जायच्या आधीही मी कधी तिथे थांबायचे का? आठवून बघितलं. त्या कट्ट्यावर मी पिशवी टेकवायचे, ती पिशवी जड असायची म्हणून. कधी किल्ली शोधायला. कधी ती रिकामी कुंडी बघायला, की हिच्यात काहीतरी लावायला हवं. प्रत्येक थांबण्याला कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं. एकही मी बनवलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. मला तो बसचालक आठवला. दुकानात येणारी म्हातारी माणसं आठवली, जी चष्मा नकोच म्हणतात, हल्ली छापतातच बारीक म्हणतात. मी नवऱ्याला विचारणार होते, की तुला पहिल्यांदा माझी पावलं थांबलेली ऐकू आली ती भाऊ गेल्यानंतर की आधी? विचारलं नाही. तो खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचा अंगठा माझ्या मनगटावर होता. हात धरतात तसा तो धरलेला होता. पण अंगठा जिथे ठेवला होता ती जागा हात धरायची नव्हती, आणि त्याचे ओठ किंचित हलत होते. मी हात काढून घेतला नाही.

इमारतीच्या दाराशी तो म्हणाला, "हळूहळू जाऊ." "हळू कशाला?" मी म्हणाले. मला उगीचच राग आला. मी पुढे झाले, तो एक पायरी मागे. पहिला मजला झाला, दुसरा झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या दारामागे कोणीतरी भांडी लावत होतं. मी मनाशी म्हटलं, आज थांबायचं काही कारण नाही. पिशवी त्याच्याकडे आहे. किल्ली त्याच्याकडे आहे. वर टीव्ही बंद आहे, घरात कोणी नाही, ज्याला ऐकायचं तो माझ्या मागे आहे, त्याच्या चपलांचा आवाज येतोय. आज सरळ वर. हे म्हणता म्हणता वळण आलं, ती खिडकी आली, ती कुंडी आली, आणि माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत. माझा हात कठड्यावर गेलेला मी बघितला.

मागे तोही थांबला. भांड्यांचा आवाज बंद झाला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, संथ, सावकाश, वर्षभर जो ऐकायला मी जीव टांगून उभी राहत होते तोच, अगदी कानाशी. त्याला काहीही झालेलं नव्हतं. आणि त्यावर दुसरा एक श्वास होता, तुटक, तोंडातून येणारा, तो कोणाचा हे कळायला मला एक क्षण लागला. इतके दिवस इथे उभी राहून मी एवढ्या बारकाईने ऐकत होते आणि हा ऐकला नव्हता.

नवरा या वेळी खोकलासुद्धा नाही. किल्ल्यांचा जुडगा त्याने मुठीत घट्ट धरला होता, वाजू नये म्हणून. मी वळून त्याच्याकडे बघितलं. त्याला विचारायचं होतं ते त्याच्या चेहऱ्यावर होतं, पण आता ते मी सांगावं अशी तो वाट बघत होता, आणि सांगायला माझ्याकडे दम नव्हता. मी कठड्यावरचा हात सोडला, बोट वर केलं, आणि या खेपेला ते स्वतःकडे वळवलं.